पाण्याची वाटणी आणि तिचे गणित

पाटाला पाणी भरपूर असते, तेव्हा वाटणीचे गणित कोणी मांडीत नाही. परंतु पाऊस उणा पडतो, धरणातील साठा बेताचा राहतो आणि आवर्तन आखडते, त्या वर्षी हाच प्रश्न शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैर उभे करतो. अशा वेळी “सर्वांना सारखे पाणी द्या” एवढे म्हणून भागत नाही. सारखेपणा कशाने मोजावयाचा, हे ठरल्यावाचून त्या शब्दाला अर्थ येत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. एका चारीवर चार शेतकरी आहेत. त्यांची भिजणारी जमीन अनुक्रमे २, ४, ६ व ८ एकर, म्हणजे एकूण २० एकर आहे. पिकास एका आवर्तनात एकरी ३ तास पाणी हवे, असे धरू. म्हणजे चौघांची गरज ६, १२, १८ व २४ तास, एकूण ६० तास झाली. यंदा मात्र पाणी ४० तासच मिळावयाचे आहे. ते कसे वाटावे?

तीन रीती

पहिली रीत क्षेत्राच्या प्रमाणात वाटण्याची. एकरी २ तास याप्रमाणे चौघांना ४, ८, १२ व १६ तास मिळतात. प्रत्येकाची दोनतृतीयांश गरज भागते.

दुसरी रीत प्रत्येक खातेदारास सारखे देण्याची. मात्र गरजेपेक्षा अधिक कोणास द्यावयाचे नाही. प्रत्येकी १० तास येतात; परंतु पहिल्याची गरज ६ तासांचीच असल्याने त्यास तेवढेच मिळतात. उरलेले ३४ तास तिघांत वाटले असता प्रत्येकास ११ तास २० मिनिटे येतात. लहान शेतकऱ्याचे रान पुरते भिजते. आठ एकरवाल्याची मात्र निम्मी गरजही भागत नाही.

तिसरी रीत तूट सारखी सोसण्याची. तूट २० तासांची, म्हणजे प्रत्येकी ५ तासांची. मग चौघांना १, ७, १३ व १९ तास मिळतात. ‘तूट सर्वांनी सारखी सोसावी’ हे बोलणे ऐकावयास न्यायाचे वाटते. पण दोन एकरवाल्याच्या हाती एक तास राहतो आणि त्याचे पीक उभे जळते.

तिन्ही रीतींत काही ना काही सारखे आहे. यांपैकी न्याय्य कोणती, हे गणित सांगत नाही. कोणत्या रीतीने कोणाचे किती जाते, एवढे ते स्पष्ट दाखविते. निवड शेतकऱ्यांनीच करावयाची असते.

प्रत्यक्षातील दाखले

पंजाब व हरियाणातील वारबंदीत पहिली रीत चालते. आठवड्याचे १६८ तास चारीवरील जमिनीच्या प्रमाणात विभागून प्रत्येकाची पाळी वार व वेळेनिशी नेमलेली असते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने वेगळे माप धरले. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरविता माणशी अर्धा एकर, कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर, असा ठरविला. भूमिहीनासही त्यात वाटा ठेवला आणि उसाला पाणी वर्ज्य केले. धुळे व नाशिक भागातील जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली असते. टंचाईच्या वर्षी भिजवावयाच्या फडांची संख्या कमी करतात. शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत असल्याने तुटीचा भार एकाच्याच माथी पडत नाही.

शेवटच्या शेताचा हिशोब

येथवर आपण तास मोजले. परंतु तास म्हणजे पाणी नव्हे. समजा, चारीच्या तोंडाशी व शेवटाला ६-६ एकरांची दोन शेते आहेत आणि त्यांच्यासाठी मिळून २८ तास आहेत. वाटेतील गळतीमुळे शेवटाला तीनचतुर्थांशच प्रवाह पोहोचतो. दोघांना १४-१४ तास दिले, तर शेवटच्यास तोंडाकडील प्रवाहाच्या हिशोबाने साडेदहा तासांचेच पाणी मिळते. तोंडाकडील शेतास १२ व शेवटच्या शेतास १६ तास दिले, तर १६ चे तीनचतुर्थांश १२, म्हणजे पाणी समान होते. यासाठी चारीच्या तोंडाशी व शेवटी प्रवाह मोजणे अगत्याचे आहे. त्याहून उत्तम म्हणजे चारीतील गवत व गाळ काढून गळतीच कमी करणे; कारण गळून गेलेले पाणी कोणत्याच वाटणीत येत नाही.

वारबंदीत आणखी एक बारकावा सांभाळतात. कोरडी चारी भरण्यात ज्याचा वेळ जातो, त्याच्या पाळीत तेवढा वेळ मिळवितात. दार बंद झाल्यावर चारीत उरलेले पाणी ज्यास मिळते, त्याच्या पाळीतून तेवढा वेळ वजा करतात.

आवर्तनापूर्वी करावयाचे काम

महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमान्वये पाणी वापर संस्थेस पाणी घनमापनाने मोजून मिळण्याची तरतूद आहे. संस्थेच्या दारापर्यंतचे माप अशा रीतीने ठरते. दाराच्या आतील न्याय सभासदांच्या हाती राहतो. म्हणून रब्बीच्या पहिल्या आवर्तनापूर्वी सभा भरवावी. पाणी पुरे असता, पाऊणपट असता व निम्मे असता वाटणी कशी होईल, ही तिन्ही कोष्टके त्याच सभेत मांडावीत आणि प्रत्येकाचे तास नावानिशी फळ्यावर लिहावेत. कोणाच्या वाट्याला किती तूट येणार हे आधी कळले, तर तो पेरा बेताने करील. पेरणी झाल्यावर, पीक सुकू लागल्यावर ठरविलेला नियम कितीही योग्य असला, तरी ज्याचे जाते त्यास तो अन्यायच वाटतो.