झग्याआडची सिसिली

वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस फेडायला गेलेली माणसं मेणाचे हात, पाय, कधी मेणाचं इवलंसं घरही वाहून येतात. सिसिलीत हीच प्रथा चांदीच्या पत्र्यात चालत आली. जो अवयव दुखण्यातून उठला तो पत्र्यात ठोकून घडवायचा आणि मॅडोनाच्या मूर्तीपाशी टांगायचा. त्यातलं सगळ्यांत लाडकं रूप हृदयाचं. टोकाशी ज्वाळा आणि भोवती किरणं असलेलं हे हृदय पुढे कानातल्यांत आलं, हातपिशव्यांवर आलं आणि डोल्चे अँड गब्बाना या फॅशन कंपनीची ओळखच बनून गेलं. या कंपनीच्या ‘दाल क्वोरे आल्ले मानी’, म्हणजे ‘हृदयाकडून हातांकडे’, या प्रदर्शनात एक आख्खं दालन अशा भक्तीला वाहिलेलं आहे. काळी लेस, सोनेरी हृदयं, मुकुट आणि मधोमध कोणत्याही जत्रेला शोभेल असा झगमगाट.

हे प्रदर्शन एप्रिल २०२४ मध्ये मिलानच्या पालाझ्झो रेआलेत सुरू झालं. तिथून ते जानेवारी २०२५ मध्ये पॅरिसच्या ग्राँ पालेत गेलं आणि मे ते ऑगस्ट २०२५ या काळात रोमच्या पालाझ्झो देल्ले एस्पोझित्सिओनीत मांडलं गेलं. दोनशेहून अधिक पोशाख आणि दागिने त्यात होते. मांडणीमागचा विचार फ्लॉरेन्स म्यूलर या फ्रेंच अभ्यासकांचा. कपड्यांची वर्षवार रांग लावण्याचा सोपा रस्ता त्यांनी टाळला, हे बरं केलं. प्रत्येक दालन इटलीतल्या एखाद्या जागेचं, कलेचं किंवा कारागिरीचं आहे. त्यामुळे ज्याला रॅम्पवरच्या फॅशनमध्ये काडीचा रस नाही, त्यालाही इथे पाहण्यासारखं खूप आहे. अट एवढीच, की झग्याकडे पाहताना तो कुठून उचलला आहे तेही पाहायचं.

दोमेनिको डोल्चे यांचा जन्म १९५८ चा. सिसिलीतल्या पोलिझ्झी जेनेरोझा या डोंगरी गावातला हा शिंप्याचा मुलगा वडिलांच्या दुकानातच सुई धरायला शिकला. स्तेफानो गब्बाना मिलानचे, चार वर्षांनी लहान. दोघांनी १९८५ मध्ये स्वतःच्या नावाने पहिला संग्रह सादर केला. काळा पोशाख, लेस, विधवा आजीची शाल अशी सिसिली त्यांच्या कामात लवकरच उतरली. पण या प्रदर्शनातले बहुतेक पोशाख त्या तयार कपड्यांच्या धंद्यातले नाहीत. २०१२ मध्ये ताओर्मिना इथे त्यांनी ‘आल्ता मोदा’ सुरू केलं. यात एक नमुना एकदाच बनतो. ज्याने घेतला त्याचा, दुसरा होणे नाही. दरवर्षी नवं गाव निवडायचं, तिथल्या कलेवर आख्खा संग्रह बेतायचा आणि श्रीमंत गिऱ्हाइकांना तिथेच बोलवायचं, असा हा प्रकार. २०१९ मध्ये आग्रिजेंतोच्या ग्रीक मंदिरासमोर, २०२० मध्ये फ्लॉरेन्सला, २०२१ मध्ये व्हेनिसच्या सान मार्को चौकात.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असं दालन पांढरं आहे. त्यामागे उभा आहे जाकोमो सेर्पोत्ता, पालेर्मोचा शिल्पकार, जन्म १६५६. संगमरवर परवडणारे धनी वेगळे आणि सेर्पोत्ताला काम देणाऱ्या छोट्या धर्मसंस्था वेगळ्या. त्याने हाताशी असलेला चुना घेतला. आत काठ्या-तारांचा सांगाडा, त्यावर चुना आणि वाळूचा जाड थर आणि शेवटचा हात चुन्यात संगमरवराची पूड कालवून. घोटल्यावर हा थर असा चमकतो, की लांबून दगडच वाटावा. या स्वस्त मालातून त्याने प्रार्थनागृहांच्या भिंतींवर गुबगुबीत बालकांच्या झुंडी उभ्या केल्या. कुणी रडतंय, कुणी खोड्या काढतंय, कुणी चक्क कंटाळलंय. आपली खूण म्हणून त्याने एका ठिकाणी नावाशी जुळणारी पाल बसवली, असं पालेर्मोत दाखवतात.

आता हेच कापडात करायचं म्हणजे काय? चुना वाळला की घट्ट राहतो. रेशीम खाली लोंबतं, शिवाय आतलं माणूस चालतं, बसतं, श्वास घेतं. त्यामुळे पांढऱ्या कापडालाच मुरड, घडी आणि उठाव देऊन भिंतीवरची नक्षी अंगावर आणायची, तर आतल्या बांधणीला खरी कसोटी लागते. या दालनात रंग नाही, टिकल्यांचा लखलखाट नाही. डोळ्यांना फक्त उजेड आणि सावली दिसते. शिंप्याला लपायला जागा नसते आणि इथे त्याला ती लागतही नाही. माझ्या मते सगळ्या प्रदर्शनात इथे कापड मूळ कलेच्या सर्वांत जवळ पोचलं आहे.

मोझाइकच्या दालनाबद्दल तसं म्हणवत नाही. त्याचं मूळ पालेर्मोजवळच्या मोनरेआलेच्या कथीड्रलमध्ये. विल्यम दुसरा या नॉर्मन राजाने बाराव्या शतकात ते बांधलं आणि आत सहा हजार चौरस मीटरहून अधिक भिंती सोनेरी मोझाइकने मढवल्या. राजा नॉर्मन, चित्रभाषा बायझंटाइन आणि नक्षीवर अरबी कारागिरीची छाया. युनेस्कोने २०१५ मध्ये पालेर्मोच्या अरब-नॉर्मन वारशासोबत त्याची नोंद केली. सोनेरी तुकडा बनतो तो काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख दाबून. भिंतीत बसवताना प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात कलता ठेवतात, म्हणून मेणबत्ती हलली की भिंतच हलल्यासारखी वाटते. डोल्चे अँड गब्बानाने हे मोझाइक २०१३ च्या हिवाळी संग्रहात कपड्यावर आणलं आणि पुढे ‘आल्ता मोदा’मध्ये एकेक चकती, एकेक खडा टाकून अधिक गुंतागुंतीचं केलं. मेहनत अफाट आहे. पण मोनरेआलेत ख्रिस्ताचा चेहरा कमानीतून खाली पाहतो, माणूस त्याच्यापुढे लहान होतो. तोच थाट पोटावर आणि बाहीवर आला की उरते ती श्रीमंती. काही पोशाख पुरोहिताच्या वस्त्रांसारखे देखणे आहेत. काही मात्र, खरं सांगायचं तर, नुसते जड आहेत.

काचेचं दालन त्यामानाने हलकंफुलकं. व्हेनिसच्या सरकारने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहराबाहेर, मुरानो बेटावर हलवल्या. आगीची भीती हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. दुसरा फायदा असा झाला, की कारागीर आणि त्यांची गुपितं एका बेटावर नजरेखाली राहिली. आरसे, झुंबरं आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे पोशाख यांमध्ये इथे प्रेक्षक मुख्यतः स्वतःचे फोटो काढतात.

यापुढचं दालन सिनेमाप्रेमींनी चुकवू नये. लाम्पेदूझा यांची ‘इल गात्तोपार्दो’ ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. लुकिनो व्हिस्कोंती यांनी १९६३ मध्ये त्यावर चित्रपट केला आणि कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. त्यातला नाचाचा प्रसंग पाऊण तासाच्या आसपास चालतो. पालेर्मोतल्या गांजी राजवाड्यात चित्रित झालेल्या त्या प्रसंगात सिसिलीचे सरदार दमेपर्यंत नाचतात आणि त्यांचं जग संपत आलेलं आपल्याला दिसत असतं. पिएरो तोझी यांनी क्लाउदिया कार्दिनाले यांच्यासाठी केलेला पांढरा झगा वेशभूषेच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतो. प्रदर्शनात ते नाचघर पुन्हा उभं केलं आहे. गंमत अशी, की चित्रपट त्या वैभवाकडे दुखऱ्या नजरेने पाहतो आणि दालन मात्र त्यावर बेहद्द खूश आहे.

रंगवलेल्या गाड्यांचं, चिनी मातीच्या फरशांचं आणि कळसूत्री बाहुल्यांचं दालन मुलांना आवडेल. सिसिलीच्या त्या बाहुलीनाट्याला युनेस्कोने २००१ मध्येच मानाचं स्थान दिलं आहे. दोन चाकांच्या गाड्यांवर शूर सरदार ओर्लांदोच्या लढाया रंगवण्याची पद्धत या नाट्यातल्याच कथांमधून आली.

शिवणघराचं दालन शांतपणे पाहावं. पोशाख कापण्याआधी साध्या सुती कापडाचा नमुना बनतो, तो पुतळ्यावर टाचण्यांनी बसवतात, खुणा करतात, उसवतात, पुन्हा बसवतात. पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके शेवटपर्यंत अंगावर राहतात. कॉर्सेटच्या आतल्या पट्ट्या, अस्तर, काजं ही सगळी मेहनत तयार पोशाखात दिसतच नाही. प्रदर्शनाच्या नावातले ‘हात’ खऱ्या अर्थाने इथे भेटतात.

पण कुणाचे हात? या प्रश्नाशी प्रदर्शन थोडं थांबायला हवं होतं. कंपनीने कारागिरांना श्रेय देण्याची पद्धत ठेवली आहे, हे मान्य. फ्लॉरेन्सच्या संग्रहासाठी तिथल्या ३८ कारागिरांबरोबर काम केल्याचं तिने जाहीरपणे सांगितलं होतं. तरी भिंतीभर मोठी असतात ती दोनच नावं. कंपनीने आपलाच गौरव संग्रहालयात मांडावा का, हा वादही जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९८३ मध्ये इव्ह सेंट लॉराँ यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा हयात डिझायनरला तिथे प्रथमच हा मान मिळाला आणि तेव्हापासून भुवया उंचावत आल्या आहेत.

त्यात मिलानमधल्या हातांची दुसरी गोष्ट कोर्टात चालली होती. हे प्रदर्शन तिथे खुलं असतानाच, जून २०२४ मध्ये, मिलानच्या न्यायालयाने दिओरच्या इटलीतल्या एका उत्पादन कंपनीवर प्रशासक नेमला. कारण, उपकंत्राटदारांकडे चाललेली कामगारांची पिळवणूक रोखण्यात ती कमी पडली होती. एप्रिलमध्ये अरमानीच्या एका कंपनीबाबत असाच आदेश निघाला होता. दिओरच्या दुकानात २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या पिशवीच्या जुळणीचे ५३ युरो दिले जात होते, असं त्या कागदपत्रांत आहे. चामड्याचा खर्च वेगळा. दोन्ही प्रकरणं दुसऱ्या कंपन्यांची आणि पुढच्या वर्षी दोन्ही आदेश उठवलेही गेले. पण ‘इटलीत बनलेलं’ या शब्दांवर ज्यांची भिस्त, त्या सगळ्यांनाच तो आरसा होता.

आणि हे हात नेहमी इटलीतलेच असतात असंही नाही. युरोपातल्या कितीतरी बड्या घराण्यांचं आरी आणि जरदोजीचं काम वर्षानुवर्षं मुंबईच्या कारखान्यांत होत आलं आहे. मालावर देश लिहिताना युरोपच्या नियमांत शेवटचा महत्त्वाचा टप्पा कुठे झाला ते पाहतात, म्हणून भरतकाम करणारं गाव चिठ्ठीवर येत नाही. दिओरने ३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियासमोर संग्रह सादर केला, चाणक्य या मुंबईच्या भरतकाम संस्थेचं नाव पुढे केलं आणि कारागिरांनी घडवलेलं प्रचंड तोरण मागे लावलं. अशी उघड कबुली तोवर क्वचितच मिळाली होती.

त्यानंतरचा प्रसंग कोल्हापूरकर विसरणार नाहीत. रोममध्ये हे प्रदर्शन चालू होतं, त्याच काळात, जून २०२५ मध्ये, मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरी चपलेच्या हुबेहूब वळणाची चप्पल उतरवली. ‘कोल्हापुरी’ हा शब्द कुठेच नव्हता. या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. ओरड झाल्यावर प्राडाने मूळ भारतीय कारागिरीत असल्याचं मान्य केलं, माणसं कोल्हापूरला पाठवली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकर या महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे ठरले, साधारण आठशे युरोला एक. त्यातले किती चांभाराच्या हाती पडतात, हे विचारत राहायला हवं.

असली प्रदर्शनं आता देशोदेशी फिरणार. तिकीट जमत असेल तर जरूर जा, पण पहिली फेरी झग्यांकडे न पाहता फक्त खालच्या चिठ्ठ्या वाचत मारा. कापड कुठलं, भरतकाम कुणाचं, कारखाना कुठला, जे लिहिलंय ते आणि जे लिहिलेलं नाही तेही लक्षात येईल. आणि इटलीचीच वारी ठरली असेल, तर मिलानच्या दुकानांचा एक दिवस कापून पालेर्मोला द्या. सांता चिता आणि सान दोमेनिको इथली सेर्पोत्ताची प्रार्थनागृहं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, मोनरेआले बसने गाठता येतं आणि ही तिन्ही ठिकाणं त्यांच्यावर बेतलेल्या कोणत्याही पोशाखापेक्षा सरस आहेत.