सातारा-सांगलीहून विधानभवनाकडे

पत्रकाराला सभागृहात मत नसतं. पण छापून आलेल्या बातमीवरून आमदार तारांकित प्रश्न विचारतो, लक्षवेधी सूचना मांडतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. कायद्याची मागणी पुष्कळदा अशीच कामकाजात शिरते.

जादूटोणाविरोधी कायद्याची वाट मात्र फार लांबली. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते होतेच, शिवाय 1998 पासून ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते. सांगलीहून ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ निघत होतं. 2005 मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केलं, पण विधान परिषदेत ते अडकलं. पूजा, वारी, व्रतं यांवर बंदी येईल, अशी भीती पसरवली गेली होती. गुन्हा नेमका कशाला म्हणायचं, हे वाचकांना पुन्हा पुन्हा समजावणं, हेच माझ्या मते या लेखणीचं सर्वांत मोठं काम.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. जो वटहुकूम वर्षानुवर्षं निघाला नव्हता, तो काही दिवसांत निघाला; ही गोष्ट आजही सलते. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. त्याच्या अनुसूचीत 12 प्रकारची कृत्यं आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं.