एक हेडसेट, घरातली सगळी यंत्रं: पैसे मोजण्याआधी पिन बघा

गेल्या ईदला धुळ्याचा भाचा जळगावला आमच्याकडे आला होता. जमलेल्या ईदीतून त्याला गेमिंगचा हेडसेट घ्यायचा होता. बाजारात एका दुकानात गेलो. "सर, सबपे चलता है," दुकानदार म्हणाला. लाल दिवे चमकणारा, यूएसबी वायरचा हेडसेट घेतला. आमच्या कॉम्प्युटरवर मस्त चालला. धुळ्याला मात्र घरात कॉम्प्युटर नाही, अब्बूंचा मोबाइल आहे. ओटीजी लावून पाहिलं, तर आवाज आला पण माइक मुका. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला आणि पोराची ईदी अडकली.

यात चूक आमचीही होती. वर्गात रोज "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणणारे आम्ही, खोक्यावरचं न वाचताच पैसे देऊन मोकळे झालो. इतर पालकांचं असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी घरातली यादी करा

आपल्याकडे हेडसेट एकट्या मुलाचा कधीच नसतो. सकाळी ताई त्यावर ऑनलाइन लेक्चर ऐकते, संध्याकाळी भाऊ बीजीएमआय खेळतो, रात्री अब्बू दुबईला असलेल्या चाचांशी बोलतात. म्हणून "सगळ्यात भारी हेडसेट कोणता?" हा प्रश्न नंतरचा. आधी कागदावर लिहा: घरात कोणकोणती यंत्रं आहेत आणि प्रत्येकाला कोणतं छिद्र आहे? गोल ३.५ मिलिमीटरचं, टाइप-सी, की यूएसबी?

गोल पिनवरच्या काळ्या रेघा मोजा

३.५ मिलिमीटरच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर पिनचे चार भाग होतात: डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माइक. दोनच रेघा असतील तर फक्त ऐकू येईल, बोललेलं पुढे जाणार नाही. तीन रेघांची पिन गोल छिद्राच्या मोबाइलला, एकच छिद्र असलेल्या लॅपटॉपला आणि प्लेस्टेशन ५ किंवा नव्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरलाही चालते.

जुन्या डेस्कटॉपला मात्र दोन छिद्रं असतात, हिरवं आवाजाचं आणि गुलाबी माइकचं. तिथे एकाचे दोन करणारा स्प्लिटर लावावा लागतो.

फोनला गोल छिद्रच नसेल तर? आयफोनमधून ते २०१६ मध्ये गेलं, आता बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही नसतं. अशा वेळी टाइप-सीचा कन्व्हर्टर घ्या, पण "डीएसी चिपवाला द्या" असं सांगून. चिप नसलेला स्वस्त कन्व्हर्टर काही फोनवर चालतो, काहींवर अजिबात नाही. जुन्या आयफोनला टाइप-सी नसतं, त्याचा कन्व्हर्टर वेगळा.

ब्लूटूथ सोयीचं, पण गेमसाठी अडचणीचं

ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. बयान किंवा लेक्चर ऐकताना ते कळत नाही, पण गेममध्ये कळतं: गोळी आधी लागते, आवाज मग येतो. दुसरं म्हणजे, माइक चालू केला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट फोनकॉलच्या पद्धतीवर जातात आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. तिसरं, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स साधा ब्लूटूथ हेडसेट थेट घेतच नाहीत.

वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा छोटा डोंगल सोबत येणारा हेडसेट बघा. त्यात उशीर फार कमी असतो. डोंगल कोणत्या यंत्रांवर चालतो ते खोक्यावर वाचा. प्लेस्टेशनवर चालणारा एक्सबॉक्सवर चालेलच असं नाही. डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असतील तर उत्तम: कॉम्प्युटरला डोंगल, फोनला ब्लूटूथ. किंमत अर्थातच वाढते, आणि डोंगल हरवला तर अर्धा हेडसेट गेला समजा.

खोक्यावर मोठ्या अक्षरात "७.१ सराउंड" असेल तर भुलू नका. बहुतेकांत स्पीकर दोनच असतात, बाकी करामत सॉफ्टवेअरची. ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालतं, मोबाइलवर सहसा नाही.

आपलं ऊन आणि मुलांचे कान

खानदेशात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. रेक्झिनच्या गाद्या घामाने चिकटतात, पुढे त्यांची सालपटं निघतात. कापडी आणि बदलता येणाऱ्या गाद्या बऱ्या. डोक्यावर दहा मिनिटं ठेवून पाहा, जड वाटतो का?

कानाचं तर सगळ्यात महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. डेसिबल घरी कोण मोजणार? साधी खूण लक्षात ठेवा: हातभर अंतरावरून अम्मीने नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि पोराला ऐकूच आली नाही, तर आवाज कमी करायला सांगा. कानात शिट्टी वाजते म्हणाला तर डॉक्टरांना दाखवा. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही.

दुकानात जाताना

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, घरचा मोबाइल आणि जमलं तर लॅपटॉप सोबत न्या. तिथेच लावा, आवाज ऐका, माइकवर बोलून रेकॉर्ड करा. पक्कं बिल घ्या, वॉरंटी आणि बदलून देण्याची अट त्यावर लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आमचं मत विचाराल तर मोबाइल, लॅपटॉप आणि क्वचित कंट्रोलर एवढंच असलेल्या घराला तीन रेघांच्या पिनचा साधा वायरवाला हेडसेट आणि एक चांगला कन्व्हर्टर पुरेसा आहे. त्याला चार्जिंग लागत नाही, लाइट गेली तरी चालतो. भाच्याला आम्ही शेवटी तोच घेऊन दिला. लाल दिव्यांचा हेडसेट आता आमच्या कॉम्प्युटरवर आहे, आणि त्याची ईदी आम्ही आमच्या खिशातून परत केली.