शास्त्रज्ञाच्या लेखांचें मोल कसें जोखावें ?

सांगलीच्या पेठेंत हळद आली म्हणजे जाणता व्यापारी नुसतीं पोतीं मोजीत नाहीं. हळकुंड मोडून आंतला रंग पाहतो, आणि मगच भाव बोलतो. परंतु एखाद्या शास्त्रज्ञाचे शंभर लेख प्रसिद्ध झाले आहेत असें कोणी सांगितलें, तर आपण मात्र पोतीं मोजूनच स्वस्थ बसतों. बीं-बियाणें व जनावरें ह्यांविषयीं ज्यांचा सल्ला घ्यावयाचा, त्यांच्या कामाची पारख आपणांस करतां आली पाहिजे. ती कशी करावी, हें घरच्याच एका उदाहरणावरून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडील दख्खनी मेंढी बहुधा एका वेळीं एकच कोकरूं देते. बंगालच्या सुंदरबनांतील गरोळ जातीची मेंढी अंगानें लहान, पण तिला दोन-तीन कोकरें होतात. फलटण येथें १९६८ सालीं कै. बनबिहारी निंबकर ह्यांनीं स्थापिलेल्या कृषि संशोधन संस्थेंत ह्या दोन जातींचा संकर करण्यांत आला. गरोळ मेंढीच्या ह्या गुणाचें मूळ कशांत, ह्याचा उलगडा मात्र परदेशांतील संशोधनानें झाला.

ऑस्ट्रेलियांत बुरूला नांवाची जुळीं-तिळीं देणारी मेंढी होती. तिचा हा गुण एकाच जनुकामुळें असावा, असा तर्क १९८० च्या सुमारास तेथील व न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञांनीं मांडला. पुढें २००१ सालीं न्यूझीलंड, फ्रान्स व ब्रिटन येथील तीन निरनिराळ्या मंडळींनीं त्या जनुकांतील नेमका फरक शोधून आपापले लेख छापले. जनुकाच्या लिपींत एका ठिकाणीं एकच अक्षर बदललेलें असतें. त्यामुळें प्रथिनाच्या २४९ व्या जागीं एका घटकाऐवजीं दुसरा येतो, आणि मेंढीला माजाच्या वेळीं अधिक बीजें सुटतात. २००२ सालीं आठ देशांतील मेंढ्यांचें रक्त तपासलें, तेव्हां तोच फरक गरोळ जातींत आढळला. बंगालच्या मेंढ्या १७९२-९३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत गेल्या होत्या. हा गुण त्यांच्याबरोबरच तिकडे गेला असावा, ह्या मतास त्यामुळें बळकटी आली.

ह्या लेखांचा फलटणास उपयोग कोणता ? मेंढा स्वतः वीत नाहीं. त्याच्या अंगीं गुण आहे कीं नाहीं, हें कळण्यास पूर्वीं त्याच्या मुली विण्याची वाट पाहावी लागे. आतां कोकराच्या थोड्याशा रक्तावरून तें कळतें. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व ऑस्ट्रेलियांतील न्यू इंग्लंड विद्यापीठ ह्यांच्या सहकार्यानें डॉ. चंदा निंबकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या कसोटीच्या आधारें निवड केली, आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. नोव्हेंबर २००८ मध्यें पुण्यास ह्याच जनुकाविषयीं परिषद भरली. तिचें इतिवृत्त २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां गणतीकडे वळूं. शास्त्रीय लेखाच्या शेवटीं, लेखकानें ज्या पूर्वीच्या लेखांचा आधार घेतला त्यांची यादी असते. आपला लेख इतरांच्या अशा याद्यांत किती वेळां आला, ती त्याची उल्लेखसंख्या. ह्या उल्लेखांची मोठी सूची अमेरिकेंत यूजीन गारफील्ड ह्यांनीं १९६४ सालीं काढली. २००५ सालीं हिर्श नांवाच्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें एक सोपा अंक सुचविला. समजा, एकाचे चाळीस लेख आहेत, पण त्यांपैकीं सहाच लेखांचा सहा वा अधिक वेळां उल्लेख झाला. त्याचा अंक सहा. दुसऱ्याचे बाराच लेख, पण प्रत्येकाचा तीस वेळां उल्लेख झाला. त्याचा अंक बारा. पोत्यांपेक्षां हळकुंडाकडे पाहण्याचा हा प्रयत्न होय.

तरी हें मापही सदोष आहे. स्वतःच स्वतःचा उल्लेख केला तरी तो मोजला जातो. चूक दाखविण्यासाठीं केलेला उल्लेखही जमेस धरला जातो. रेणुजीवशास्त्रांत काम करणारे पुष्कळ, म्हणून तेथें उल्लेख पुष्कळ. दख्खनी मेंढीवर लिहिणारे थोडे, म्हणून उल्लेख थोडे. ज्या मासिकांत लेख छापला त्याच्या दर्जावरून व्यक्तीचें काम जोखूं नये, असें जाहीरपत्रक सॅन फ्रान्सिस्को येथील २०१२ च्या बैठकींतून शास्त्रज्ञांनींच काढलें. आणि ज्या धनगराच्या कळपांत एकाऐवजीं दोन कोकरें आलीं, तो लेख लिहीत नाहीं. त्याचा उल्लेख कोणत्याच सूचींत चढत नाहीं.

म्हणून आमचे सभासद बंधूंस सांगणें असें कीं, उल्लेखसंख्या अवश्य विचारावी, पण तेथेंच थांबूं नये. ह्या कामाची दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणें प्रचीति घेतली आहे काय ? तें आपल्या हवापाण्यांत, आपल्या चराईवर करून पाहिलें आहे काय ? त्यास खर्च किती ? जनुक कोकरें देतें, वैरण देत नाहीं. आटपाडी-जतच्या माळावर जुळ्यांच्या आईस वरचा खुराक न मिळाला, तर दूध अपुरें पडून कोकरें दगावतील, आणि लाभाच्या जागीं तोटा पदरीं येईल. बुरूलाच्या लेखांस जगांत मान आहे; परंतु आपल्या माळावर काय घडतें, तें फलटणसारख्या ठिकाणीं मेंढ्या पाळून, तोलून व टिपून ठेवल्यानेंच कळतें. अशा कामाचे उल्लेख थोडे असले, तरी तें हलकें समजूं नये.