वादळाआधी औषधांची पिशवी



१ जून ते ३० नोव्हेंबर हा आपल्या अटलांटिक किनाऱ्यावर हरिकेनचा मोसम. मुलांनो, हरिकेन म्हणजे आजी-आजोबांच्या कोकणातल्या चक्रीवादळाचाच भाऊ. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ आलं, ते याच जातीचं. समुद्र बदलला की नाव बदलतं. इथे वाऱ्याचा वेग ताशी ७४ मैल झाला की त्याला हरिकेन म्हणतात.

वाऱ्याचा आवाज ऐकून आपण घाबरतो, पण जास्त माणसं घेतं ते पाणी. २९ ऑक्टोबर २०१२ ला ‘सॅन्डी’ न्यू जर्सीला धडकलं आणि समुद्र न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत शिरला. कितीतरी जण स्वतःच्या घरातच बुडाले आणि त्यांत वयस्कर माणसं पुष्कळ होती. घर सोडा असं सरकारने आधी सांगितलं होतं. पण ‘या वयात आता कुठे जायचं?’ असं आपली वडीलधारी मंडळी म्हणतातच. मी जन्मभर नर्सिंग केलं, म्हणून हक्काने सांगते: निघा म्हटलं की निघायचं. आपलं घर कुठल्या झोनमध्ये येतं आणि कोणाकडे जायचं, हे आजच ठरवून ठेवा. शब्बाथ असला तरी फोन उचला, गाडीत बसा. जीव वाचवणं आधी, हे आपला धर्मच सांगतो.

आता पिशवी भरू या. निदान एक आठवड्याची औषधं. औषधाचं नाव, किती आणि कधी घ्यायचं, डॉक्टरांचा फोन, हे सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर. चष्मा, कवळी, कानाच्या मशीनचे सेल. इन्शुलिन थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका, गोठलं की ते वाया गेलं. पासपोर्ट आणि विम्याचे कागद प्लॅस्टिकमध्ये घाला. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर वीज कंपनीला आणि मशीन देणाऱ्याला आधीच कळवा.

घरात माणशी रोज एक गॅलन पाणी धरा आणि न शिजवता खाता येईल असं काही ठेवा. वीज गेली की फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज चार तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस. उजेडाला टॉर्च बरा, मेणबत्तीने आग लागते. जनरेटर घरात नको, गॅरेजमध्येही नको. बाहेर, घरापासून २० फूट लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

वादळ गेलं म्हणून संकट टळलं असं नाही. २०१७ मध्ये ‘इर्मा’नंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात एसी बंद पडला आणि उकाड्याने १२ जण दगावले. म्हणून वीज नसेल तेव्हा शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाची सकाळ-संध्याकाळ चौकशी करा. अंग तापलंय, बोलणं असंबद्ध झालंय असं दिसलं तर ९११ ला फोन करा. मदत येईपर्यंत सावलीत न्या, ओल्या कपड्याने अंग पुसा.

बाळांनो, तुमचं काम असं: औषधांची यादी तुम्ही सुंदर अक्षरात लिहा, टॉर्चचे सेल तपासा, मोबाइल चार्ज करा. दुसऱ्या राज्यातल्या एका नातेवाईकाचा नंबर पाठ करा. आणि रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं तर त्यात पाय घालू नका. सहा इंच वाहतं पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडतं.

हा अंक वाचून झाला की नातवंडांना जवळ बसवा आणि पिशवी आजच भरायला घ्या.