पाणी, पुरावा आणि ‘एकही’

ताम्हिणीकडे जाताना मुळशीचा जलाशय दिसला की मी थांबतो. गणितातली ‘मोनोटोनिसिटी’ मला खरी कळली ती इथे. मी तिला ‘एकदिशता’ म्हणतो. ‘एकसुरीपणा’ म्हटले की कंटाळाच आठवतो.

पातळी चढली की साठा वाढतो, कधीच घटत नाही. हे एकदिश नाते. सरळ प्रमाणाचे मात्र नव्हे. खोरे वर रुंदावत जाते, म्हणून वरच्या मीटरभर उंचीत तळच्यापेक्षा पुष्कळ अधिक पाणी मावते. वेग बदलतो, दिशा नाही. तारीख आणि पातळी यांचे नाते असे नाही; पावसाळ्यात पातळी चढते, पुढे उतरते.

तर्कशास्त्रात पाण्याच्या जागी गृहीतके येतात. ती कितीही वाढवा, आधी सिद्ध झालेले ढळत नाही. आपला रोजचा विचार असा नसतो. धरण मुळा नदीवर, नदी पुण्याकडे वाहते. तेव्हा पाणी पुण्याला जात असणार, असे सोबतचे पाहुणे म्हणतात. मग कळते की विजेसाठी ते बोगद्यातून पश्चिमेला, कोकणात भिरा येथे उतरवतात. निष्कर्ष मागे घ्यावा लागतो. पावसाळ्यात दारे उघडल्याचे कळले की पुन्हा फिरवावा लागतो! जॉन मॅकार्थी आणि रेमंड रायटर यांनी १९८० मध्ये अशा माघारीच्या तर्काला काटेकोर रूप दिले.

भाषेत गंमत अधिक. मुळशी हा आंबेमोहोराचा मुलूख. ‘काही शेतकऱ्यांनी आंबेमोहोर लावला’ यावरून ‘काहींनी भात लावला’ हे निघते. नकार आला की दिशा उलटते: ‘एकाही शेतकऱ्याने भात लावला नाही’, म्हणजे आंबेमोहोरही लावला नाही. आपले ‘एकही’ या उलट्या दिशेतच रमते. ‘एकही शेतकरी आला’ कानाला खटकते, ‘एकही आला नाही’ चालते. आणि नकार नसूनही ‘एकही शेतकरी आला तर कळवा’ चालते, कारण ‘तर’च्या आधीचा भागही दिशा उलटवतो. इंग्रजीतल्या अशा शब्दांचा हाच नियम विल्यम लाडुसॉ यांनी १९७९ च्या प्रबंधात मांडला.

‘प्रत्येक’च्या पोटात दोन्ही दिशा आहेत. ‘प्रत्येक जमीनमालकाला मोबदला मिळाला’ हे वाक्य घ्या. मालकाऐवजी ‘मुळशीतला मालक’ म्हटले तरी ते खरे राहते. ‘जमिनीवर पोट असलेला प्रत्येक जण’ म्हटले तर राहीलच असे नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्यांच्यासाठी इथे सत्याग्रह केला, त्या मावळ्यांना जमीन हवी होती. सावकारांचे लक्ष मोबदल्यावर होते. भूसंपादनाची नोटीस हाती आली की मी आजही ‘प्रत्येक’नंतरचे नाम आधी वाचतो, आकडा नंतर.