हक्काचा दाखला – भाग ६ : बोर्डावर कोण बसतं?

पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा आणि ओळखपत्राचा अर्ज भरून झाला, रुग्णालय निवडलं, तपासणीची तारीखही मिळाली. आता मुंबईच्या राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात आपल्यासमोर बसलेली माणसं नेमकी कोण, हे आधी माहीत असेल तर निम्मी धास्ती जाते. सगळ्यांनाच आपण ‘बोर्डाचे डॉक्टर’ म्हणतो. पण तिथं प्रत्येकाचं पद वेगळं, शिक्षण वेगळं आणि अधिकारही वेगळा असतो.

दाखला कोणी द्यायचा, हे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं ५७वं कलम सांगतं: सरकारने नेमलेला, पात्रता आणि अनुभव असलेला अधिकारी. इतर जिल्ह्यांत लोक जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातात; मुंबई उपनगरात महापालिका रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक किंवा त्यांच्या बरोबरीचे अधिकारी बोर्डाचे प्रमुख असतात. प्रत्यक्ष तपासतो तो त्या त्या विषयाचा तज्ज्ञ. हातापायाच्या अपंगत्वासाठी एमएस झालेले अस्थिरोगतज्ज्ञ किंवा एमडी पीएमआर, म्हणजे भौतिक उपचार व पुनर्वसन या शाखेचे डॉक्टर. डोळ्यांसाठी अर्थातच नेत्रतज्ज्ञ.

कानाच्या बाबतीत लोकांचा हमखास गोंधळ होतो. बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी करणारी व्यक्ती डॉक्टर नसते. ती ऑडिओलॉजिस्ट असते आणि तिची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. टक्के ठरतात ते या चाचणीच्या आलेखावरून, सही मात्र ईएनटी तज्ज्ञाची.

मुलांच्या पालकांनी तर फारच जपून राहायला हवं. बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता ठरवताना बालरोगतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल किंवा रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट लागतो. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणारा प्रत्येकजण यात बसत नाही. बाहेरून आयक्यू चाचणी करून घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. तो मागण्यात उद्धटपणा काही नाही.

आता तपासणी कशी होते ते पाहू. अस्थिव्यंगाच्या टेबलावर गोनिओमीटर असतो, कोन मोजायची दोन पट्ट्यांची साधी फूटपट्टी. गुडघा किती अंशात वाकतो, किती सरळ होतो, हे त्यावर मोजतात. स्नायूंच्या ताकदीला ० ते ५ असे गुण देतात. दोन अपंगत्वं असली तरी टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. जास्तीचा आकडा तसाच घ्यायचा. मग ९० मधून तो वजा करून जे उरेल त्याला कमी आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि येईल ते मिळवायचं. ४० आणि ३० असतील तर ७० नव्हे, साधारण ५७ होतात. ‘आमचे टक्के कापले’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच सुरू होते.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे मोजमाप सांध्याचं आहे, माणसाच्या दिवसाचं नाही. अंधेरीच्या पुलाचे जिने चढता येतात का, स्वतःची अंघोळ, साडी, स्वयंपाक जमतो का, हे पाहण्याचं रीतसर शिक्षण ऑक्युपेशनल थेरपिस्टने घेतलेलं असतं. महाराष्ट्रात त्यांची आणि फिजिओथेरपिस्टची मिळून स्वतंत्र राज्य परिषद आहे. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत त्यांना स्थान आहे, अस्थिव्यंगाच्या टक्क्यांवर मात्र त्यांची सही नसते. ब्रिटनमध्ये पिप नावाच्या दिव्यांग भत्त्यासाठी नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, अगदी पॅरामेडिकही तपासणीस असतात आणि प्रश्न विचारतात ते जेवण करण्याचे, कपडे घालण्याचे, चालण्याचे. त्या पद्धतीवरही तिथं खूप टीका होते. तरी रोजच्या जगण्याबद्दल विचारणारं माणूस आपल्या बोर्डावर असायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं. तोवर फिजिओच्या किंवा ऑक्युपेशनल थेरपीच्या नोंदी असतील तर केसपेपरबरोबर फाईलला लावून न्या.

आणखी एक. बोर्ड पैसे देत नाही, पैसे नाकारतही नाही. ते फक्त टक्के देतं. ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती सुरू होतात. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाचा अर्ज मात्र तहसील कचेरीत मंजूर होतो. तेव्हा रुग्णालयात अनुदानाबद्दल वाद घालण्यात वेळ घालवू नका. टक्केच पटले नाहीत, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलात तपासणीचे कागद लागतात, म्हणून ऑडिओमेट्रीचा आलेख, एक्स-रे, आयक्यूचा अहवाल या सगळ्यांच्या प्रती बोर्डाकडे मूळ कागद देण्याआधीच काढून ठेवा.

पुढच्या आठवड्यात तहसील कचेरी : उत्पन्नाचा दाखला आणि संजय गांधी योजनेचा अर्ज.